शेजघराचा रंग

झाशीच्या ईशान्येस, सुमारे ७० किलोमीटरांवर, बेतवेच्या काठी एरच नावाचे गाव आहे. आज ते नकाशात शोधावे लागते. पण येथे सापडलेल्या नाण्यांवरून आणि ब्राह्मी लेख कोरलेल्या विटांवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या दशार्ण देशातील राजांची नावे इतिहासाला मिळाली. अकबराच्या काळी हेच गाव आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. अबुल फजलाचा १६०२ साली वध झाला, त्यानंतर वीरसिंहदेव बुंदेल्याच्या पाठलागावर निघालेल्या मोगल फौजेने त्याला कोंडले तेही एरचलाच. तेथून तो निसटला आणि पुढे त्याने झाशीचा किल्ला आणि दतियाचा महाल बांधला. इतका इतिहास असूनही गावकरी अभिमानाने सांगतात ती गोष्ट निराळीच आहे. एरच ही हिरण्यकश्यपूची राजधानी, होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन अग्नीत बसली ती इथल्याच टेकडीवर, आणि म्हणून जगातली पहिली होळी एरचची, अशी त्यांची श्रद्धा आहे. पुरावा मागू नये अशा या गोष्टी. रंगांच्या सणाचे माहेर म्हणविणाऱ्या या गावापासून घराच्या रंगाचा विचार सुरू करणे मात्र अप्रस्तुत होणार नाही.

होळीचा रंग एका दिवसाचा असतो. घराच्या भिंतीचा रंग वर्षानुवर्षांचा असतो, आणि त्यातही ज्या खोलीत मनुष्य निजतो, आजारात पडून राहतो, जेथे मूल पहिल्यांदा डोळे उघडून छताकडे पाहते, त्या खोलीचा रंग तर आयुष्याचा सोबती होतो. तो कोणता असावा, हा प्रश्न आज दुकानातील रंगपट्ट्या उलटीत सोडविला जातो. हजारो छटा समोर असतात आणि प्रश्न आवडीचा होऊन बसतो. आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न निराळ्या स्वरूपात होता. रंग कशाचा बनला आहे, चुन्यात तो टिकेल का, दिव्याच्या उजेडात तो कसा दिसेल, आणि त्याच्या सान्निध्यात झोप लागेल का, हे त्यांना आधी पाहावे लागे. आवड त्यानंतर.

बुंदेलखंडातील साध्या घराला रंग मिळे तो पायाखालच्या जमिनीतून. पांढरी छुई माती, तांबडा गेरू, पिवळी माती. आपल्याकडे या पिवळ्या मातीला पिवडी म्हणतात. गेरू आणि पिवडी ही वस्तुतः सख्खी भावंडे. दोघांचाही रंग लोखंडाच्या गंजाचा. पिवडीतील लोखंडाशी पाण्याचा अंश बांधलेला असतो. ती विस्तवावर भाजली की पाणी उडून जाते आणि पिवळीची तांबडी होते. अजिंठ्याच्या चित्रकारांच्याही रंगात मुख्य भरणा अशा मातीच्या रंगांचाच होता. काळा रंग दिव्याच्या काजळीचा, पांढरा चुन्याचा. हे रंग भडक नसतात, पण चुन्याच्या दाहाला ते डगमगत नाहीत. फुलापानांच्या रंगांचे तसे नाही. चुन्याच्या सहवासात त्यांतील बहुतेक थोड्याच काळात निस्तेज होतात. म्हणजे भिंतीचा पहिला निवाडा घरमालक करीत नसे, तो चुनाच करीत असे.

या चुन्याला गृहशोभेच्या इतिहासात मिळावे तितके श्रेय मिळालेले नाही. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजायची, तिच्यावर पाणी ओतून ती विरवायची, निवळून घ्यायची, चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा सरस घालायचा आणि घायपाताच्या कुंच्याने भिंतीला लावायचा. ओला असताना हा हात अगदी पाण्यासारखा, पारदर्शक दिसतो. नवख्या रंगाऱ्याला वाटते की काहीच लागले नाही. वाळता वाळता हवेतील कर्बवायू घेऊन चुना पुन्हा दगड होतो आणि भिंत पांढरीशुभ्र उजळते. ताज्या चुन्याच्या दाहकतेपुढे बुरशी आणि किडे टिकत नाहीत. शिवाय समईच्या एका ज्योतीचा उजेड पांढरी भिंत परत फेकते आणि खोली दुप्पट उजळल्यासारखी होते. ज्या घरात रात्री एक दिवा जळतो, तेथे शेजघराची भिंत पांढरी ठेवणे हा गरजेचा हिशोब होता.

मग रंग कोठे असे? तो वस्त्रांत असे. एरचच्याच जिल्ह्यातील मऊरानीपूरचे खारुवा कापड सबंध उत्तर हिंदुस्थानात विकले जाई. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या तांबड्या रंगात बुडविलेले हे जाडेभरडे कापड गाद्यागिरद्यांनाही चाले आणि सावकारांच्या वह्यांच्या बांधणीलाही. पांढरी भिंत आणि तांबडे अंथरूण, ही जोडी बुंदेलखंडातील आणि महाराष्ट्रातील घरांना सारखीच परिचित होती. १८६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. त्या कृत्रिम रंगापुढे आलीची शेती पुढे टिकली नाही. झाशीकडच्या एका मुळाचा रंग एका दूरच्या प्रयोगशाळेने पुसला. ही कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे.

श्रीमंतांच्या घरी मात्र भिंतीवर चित्रे आली आणि तेथे निवडीचा प्रश्न खरोखर उभा राहिला. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हा आपल्याकडील चित्रविद्येचा सर्वांत विस्तृत प्राचीन ग्रंथ. त्यात एक नियम स्पष्ट घालून दिला आहे : राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या तीनच रसांची चित्रे काढावीत. युद्ध, स्मशान, मरण, दुःख आणि अमंगल यांना घरात जागा नाही. राजसभेत आणि देवालयात मात्र सर्व रसांना मुभा आहे. हा नियम करणाऱ्याने मनुष्यस्वभाव किती बारकाईने पाहिला असेल! सभेतील चित्र मनुष्य जागेपणी पाहतो आणि उठून जातो. निजायच्या खोलीतील चित्र मात्र डोळे मिटताना शेवटचे आणि उघडताना पहिले दिसते. वात्स्यायनाने नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन करताना तेथे चित्रफलक आणि रंगकुंचल्यांची पेटीही ठेवली आहे. म्हणजे हा रसिक आपल्या खोलीतले चित्र स्वतःच बदलूही शके.

या नियमाचा भंग झाला तर काय होते, ते पाहायला भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ उघडावे. भवभूती विदर्भातील पद्मपूरचा. त्याची नाटके ज्या कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली ते स्थान म्हणजे यमुनाकाठची काल्पी, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. काल्पी एरचपासून फार दूर नाही. विदर्भाच्या कवीचे शब्द याच मुलुखात प्रथम उच्चारले गेले असावेत. नाटकाच्या पहिल्या अंकात गर्भवती सीतेच्या करमणुकीसाठी रामचरित्राची भित्तिचित्रे दाखविली जातात. शूर्पणखेचे चित्र पाहताच सीता दचकते, वियोगाच्या प्रसंगांनी दोघांचीही मने व्याकूळ होतात, थकून सीता रामाच्या बाहूवर झोपी जाते, आणि तेवढ्यात लोकापवादाची वार्ता घेऊन दुर्मुख येतो. राजवाड्याच्या भिंतीवर दुःख रंगवून ठेवले आणि ते दुःख तिच्या निद्रेत शिरले. भवभूतीने हा अंक रचताना तो नियम मनात धरला होता की नाही हे कोणास सांगता येणार नाही. परंतु नियमाचे मर्म याहून चांगले कोणी उलगडलेले नाही.

बुंदेलखंडात मराठे आले ते अशा चित्रित भिंतींच्या मुलुखात. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावला आणि त्याबद्दल बुंदेल्यांच्या राज्याचा मोठा वाटा पेशव्यांकडे आला. १७४२ मध्ये नारो शंकराने झाशीस आपला अंमल बसविला आणि शहर वसविले. त्यांच्यासमोर ओरछ्याचे आणि दतियाचे महाल होते, ज्यांच्या छतांवर वेलबुट्टी आणि भिंतींवर कृष्णलीला रंगविल्या होत्या. पुढे नेवाळकर घराण्यातील रघुनाथ हरींनी झाशी शहरात बांधलेला वाडा आज राणीमहाल म्हणून ओळखला जातो. चौक, कारंजे, लहान लहान खोल्या, अशी त्याची रचना पुण्याच्या कोणाही माणसाला ओळखीची वाटेल. पण वरच्या मजल्यावरील दरबारी दालनाचे छत आणि भिंती फुलांनी, वेलींनी आणि मोरांनी भरून गेल्या आहेत, आणि तो हात बुंदेली आहे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर लक्ष्मीबाई किल्ला सोडून येथे राहावयास आल्या. राज्य गेलेले, समोर इंग्रजांचा तनखा, आणि डोक्यावर हे हसरे छत! शृंगार, हास्य आणि शांत यांपलीकडे त्या छतात काही नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले तेव्हा कोकणातून आलेले विष्णुभट गोडसे तेथेच होते आणि त्यांनी ती लूट पाहिली. वाड्यातील वस्तू गेल्या. छताचे रंग लुटून नेता येत नाहीत म्हणून ते राहिले.

महाराष्ट्रात या प्रकारचे घर पाहायचे तर वाईजवळ कृष्णेकाठी मेणवलीला जावे. नाना फडणविसांच्या तेथील वाड्यात भिंतींवर पौराणिक प्रसंग रंगविले आहेत, आणि नानांचा म्हणून एक पलंगही दाखविला जातो. ज्याने आयुष्यभर राजकारणाचे डाव मांडले त्याच्या विश्रांतीच्या वाड्यात लढाईचा नकाशा नाही, देवांच्या कथा आहेत. रंग पाहावे तर गेरू, पिवळा, हिरवा आणि काळी रेघ. निळा हात राखून.

निळ्याची ही कंजुषी समजून घेतली पाहिजे. भिंतीवर टिकणारा उत्तम निळा म्हणजे लाजवर्द, आणि तो दगड बदख्शानच्या डोंगरांतून यायचा. भारतीय नीळ स्वस्त होती, पण ती कापडाची राणी, भिंतीवर तिची सत्ता दुबळी. १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने कृत्रिम लाजवर्दासाठी ६००० फ्रँकांचे बक्षीस लावले आणि १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिळविले. पुढच्या काही दशकांत ती निळी पूड पुड्यांतून बाजारात आली, आणि आपल्याकडे चुन्यात चिमूटभर नीळ टाकून पिवळट झाक मारण्याची रीत घरोघर पसरली. राजांच्या निळ्या छताचा रंग परटाच्या घमेल्यात उतरला तो असा. दिव्याचाही येथे संबंध आहे. तेलाच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा फिका करडा दिसतो आणि तांबडा-पिवळा उजळतो; उलट दिवा मालवत आला की तांबडा आधी काळवंडतो आणि निळे-हिरवे शेवटपर्यंत अंधुक दिसत राहतात. डोळ्याच्या या धर्माला बोहेमियाचा शास्त्रज्ञ पुर्किन्ये याचे नाव मिळाले. जुन्या रंगाऱ्याने त्याचे नाव ऐकले नव्हते, पण गेरूची रेघ त्याने दिव्याच्या उंचीवर काढली होती.

नव्या रसायनांनी रंग स्वस्त केले तसे घातकही केले. शेले याने १७७५ च्या सुमारास तांब्यापासून आणि सोमलापासून एक देखणा हिरवा तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शयनगृहांच्या भिंतींवर त्या जातीच्या हिरव्या रंगाचे कागद लागले. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातील चार मुले दगावली. त्यांच्या खोलीला हिरवा कागद होता आणि वैद्यांना त्याचाच संशय आला. दमट भिंतीवरची बुरशी सोमलापासून विषारी वायू निर्माण करते, हे गोसिओ या इटालियन संशोधकाने १८९० नंतर दाखविले. शिशाचेही तसेच. पांढऱ्या शिशाच्या रंगाला घरांच्या आतून हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे असा कायदेशीर नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळण्यातल्या मुलाने भिंतीची पापुद्र्याने सुटलेली चिपळी तोंडात घातली तर काय, हा प्रश्न गेरू आणि चुन्याच्या घराला पडलाच नव्हता. भडक पिवळ्याच्या डब्याला मात्र तो विचारावाच लागतो.

चुन्याने दुसरेही एक काम केले आहे, आणि ते पुसून टाकण्याचे. वाड्यांतील कुटुंबे वाढली, खोल्यांची वाटणी झाली, दर दिवाळीला कुंचा फिरला आणि कितीतरी चित्रे पांढऱ्याखाली गेली. ज्यांनी ती झाकली त्यांना दोष देणे सोपे आहे; त्यांना उजेड हवा होता आणि ढेकूण नको होते. चमत्कार असा की त्या चुन्याने बरीच चित्रे धुरापासून आणि हातांपासून राखलीही. जतन करणारा कारागीर आज पातळ पात्याने तो थर एक एक पापुद्रा सोडवितो. टिचभर चौकोन खरवडला तरी वरून खाली सारा हिशोब दिसतो : आजचा तैलरंग, त्याखाली गुलाबी, मग निळीचा चुना, मग पिवडी, मग पांढऱ्याचे कित्येक हात, आणि सर्वांत खाली, घोटलेल्या गिलाव्यावर, एका मोराच्या मानेची गेरूची रेघ.