वडगावची माघार : मुंबईकर इंग्रजांची पुण्यावरची पहिली स्वारी

१७७८ च्या नोव्हेंबरअखेर ईस्ट इंडिया कंपनीची एक फौज मुंबई बंदरातून गलबतांवर चढली आणि खाडीपार पनवेलला उतरली. तिला बोरघाट चढून पुण्यात शिरायचे होते आणि पेशव्यांच्या घराण्यातल्या रघुनाथरावाला पेशवाईच्या कारभारावर बसवायचे होते. मुंबईपासून पुणे फार दूर नाही. तरीही ही फौज पुण्याच्या १८ मैल अलीकडे, तळेगावला थांबली, तेथून मागे फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावात वेढली जाऊन तिने मानहानीचा करार पत्करला. या मोहिमेत मोठी निर्णायक लढाई झालीच नाही. जे काही झाले ते आखणीतल्या चुकांमुळे आणि वरिष्ठांच्या खचलेल्या मनामुळे झाले.

त्या काळची मुंबई म्हणजे तटबंदीतला कोट आणि त्याबाहेर गिरगाव, माझगाव, परळपर्यंत पसरलेली माडांची वाडी आणि भातशेती. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी हा परळच्या बंगल्यात राहू लागलेला पहिला गव्हर्नर मानला जातो. मुंबई इलाख्याचे उत्पन्न खर्चाला पुरत नसे आणि बंगालच्या पैशावर दिवस काढावे लागत. म्हणून मुंबईच्या कौन्सिलची नजर साष्टी आणि वसईवर होती. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यात फूट पडली, तेव्हा डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टी ताब्यात आणली. मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावाशी तह करून त्यांनी त्याची बाजू उघडपणे घेतली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे मान्य नव्हते. त्याने आपला वकील पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला आणि मुंबईकरांचा डाव मोडला. त्याच वर्षाअखेर रघुनाथराव मुंबईत आश्रयाला आला.

पुढच्या दोन वर्षांत वारे पुन्हा फिरले. लंडनच्या डायरेक्टरांना साष्टी हवीच होती. पुण्यात फ्रेंचांचा वकील सेंट लुबिन येऊन बसल्याने इंग्रज अस्वस्थ होते. पुणे दरबारातल्या मोरोबा फडणवीसाने आणि त्याच्या पक्षाने रघुनाथरावाला बोलावण्याची खटपट चालवली होती. कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने मुंबईच्या मदतीला काल्पीहून एक फौज खुष्कीने रवाना केली. तिचा सेनापती लेस्ली वाटेतच वारला आणि गोडार्डने सूत्रे हाती घेतली. मात्र मुंबईने मोहिमेचा अंतिम निर्णय घेतला तोवर मोरोबाचे बंड पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याने मोडून काढले होते आणि मोरोबा कैदेत पडला होता. ज्या पक्षाच्या भरवशावर ही स्वारी आखली, तो पक्ष फौज निघण्याआधीच संपला होता. हे कळूनही बेत बदलला नाही, ही आखणीतली पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणावी लागते.

दुसरी चूक वेळेची. गोडार्ड जानेवारीअखेर बऱ्हाणपुरास आणि फेब्रुवारीअखेर सुरतेस पोचला. मुंबईकर दोन-तीन महिने थांबते तर दोन्ही फौजांनी एकाच वेळी पुण्यावर दाब आणला असता. हॉर्नबीला थांबायचे नव्हते. कलकत्त्याची फौज येण्याआधी काम उरकावे आणि पुरंदरच्या तहाने गेलेली पत परत मिळवावी, ही ईर्ष्या या घाईमागे होती असे मानायला जागा आहे. रघुनाथराव घाटमाथ्यावर दिसताच मराठे सरदार त्याला येऊन मिळतील, असा सगळ्यांचा समज होता. फौजेचा आकारही त्याच हिशेबाने ठरला. ती सारी मिळून सुमारे ३,९०० माणसे होती, त्यांत गोरे शिपाई सुमारे ६००. उरलेले बहुतेक देशी शिपाई होते. मुंबईच्या पलटणींची भरती मुख्यतः कोकणातून होई, म्हणजे कित्येकांची घरेदारे मराठी मुलखातच होती.

तिसरी चूक नेतृत्वाची होती. एकट्या सेनापतीच्या हाती न देता मोहिमेचा कारभार तिघांच्या समितीकडे सोपवला गेला. कर्नल चार्ल्स एगर्टन सेवाज्येष्ठतेने सेनापती झाला. तो प्रकृतीने अधू होता आणि त्याला हिंदुस्थानातल्या लढाईचा अनुभव नव्हता. जॉन कार्नॅक हा बंगालमध्ये नाव कमावलेला जुना लष्करी अधिकारी, पण आता कौन्सिलचा सभासद म्हणून बरोबर आला होता. तिसरा टॉमस मॉस्टिन पुण्यात वकील म्हणून राहिलेला, तिथली माणसे ओळखणारा एकटाच. तो आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. पुण्याची जाण असलेला एकमेव माणूस असा गेला. उरलेल्या दोघांत अधिकारावरून आणि मानमरातबावरून खटके उडत राहिले.

कॅप्टन जेम्स स्टुअर्टने थोड्या तुकड्या घेऊन पुढे जाऊन बोरघाट जवळजवळ विनासायास ताब्यात घेतला होता. मुख्य फौज मात्र पनवेलहून डिसेंबरच्या मध्याला हलली आणि २३ डिसेंबरच्या सुमारास घाटमाथ्यावर आली. घाटातून गाडीरस्ता नव्हता. तो १८३० मध्ये झाला. तोफा हातांनी ओढत, दोरखंड लावून वर चढवाव्या लागल्या. खरा गळफास मात्र सामानाचा होता. जवळजवळ चार हजारांच्या फौजेबरोबर १९ हजारांहून अधिक बैल होते. दारूगोळा, तंबू, साहेबांचे सामान, दाणागोटा आणि त्यामागून चालणारे बुणगे अशी मैलभर पसरलेली रांग सांभाळतच पुढे जायचे होते. वर आल्यावर एगर्टनने फौजेचे दोन भाग केले आणि आलटून पालटून थोडे थोडे पुढे सरकण्याची पद्धत ठेवली. दिवसाला दोन मैलांवर मजल जात नसे. खंडाळ्याहून कार्ले आठ मैलांवर, ते गाठायला अकरा दिवस लागले.

या अकरा दिवसांचा उपयोग मराठ्यांनी पुरेपूर केला. नाना फडणवीस आणि मराठे सरदार महादजी शिंदे दोघेही १७६१ मध्ये पानिपतावर होते. महादजी तिथून पायाने अधू होऊन परतला होता. बुणग्यांचे ओझे आणि तुटलेली रसद मोठ्या फौजेचे काय करते हे त्या दोघांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि या मोहिमेतली त्यांची चाल त्या आठवणीतून आली असावी असे वाटते. समोरासमोर लढाई द्यायची नाही, मात्र रोज तोफांचा आणि घोडदळाचा उपद्रव चालू ठेवायचा, हा त्यांचा बेत होता. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर फौजा घेऊन आले. भिवराव पानशांचा तोफखाना इंग्रजांच्या माऱ्याच्या कक्षेबाहेर राहून गोळे टाकत असे. काही टोळ्या कोकणात उतरून घाटाखालची दळणवळणाची वाट तोडू लागल्या. वाटेवरची गावे रिकामी करून दाणावैरण जाळायची तयारी झाली. वेळ आली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायचे ठरले होते. राजधानी शत्रूच्या हाती देण्यापेक्षा तिची राख करायला तयार असलेल्या पक्षाला धाक दाखवून काम होणार नव्हते. इंग्रजांची सारी आखणी मात्र त्या धाकावरच उभी होती.

या रखडपट्टीत चांगली माणसे गेली. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणघातक जखमी झाला. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफगोळ्याने स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसाची मराठ्यांनाही इतकी कदर होती की ‘इष्टूर फाकडा’ हे नाव त्यांनीच त्याला दिले, आणि वडगावला त्याची समाधी लोकांनी पुढे श्रद्धेने जपली. एगर्टनने ६ जानेवारीला आजारामुळे सेनापतिपद सोडले. तो मुंबईस जायला निघाला, पण वाट बंद झाल्याने त्याला छावणीतच परतावे लागले. फौजेला तिची परिस्थिती याहून स्पष्टपणे कोणीही सांगू शकले नसते. सेनापतिपद लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्नकडे आले.

रघुनाथरावाकडे एकही नामांकित सरदार आला नाही. एखादा विजय दिसल्याखेरीज कोणी उघडपणे आपल्याकडे येणार नाही, असे आता तोच सांगू लागला. सरदार येतील म्हणून विजय मिळेल, हा मुंबईच्या कौन्सिलमधला हिशेब उलटा ठरला होता.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली. गाव जळलेले होते. पुणे १८ मैलांवर होते आणि छावणीत १८ दिवस पुरेल एवढे धान्य शिल्लक होते. शिपायांनी आतापर्यंत प्रत्येक चकमकीत जागा राखली होती आणि मोठी हानी झालेली नव्हती. कॉकबर्नला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की फौज पुण्यापर्यंत पोचू शकेल, पण इतक्या हजारो बैलांचे रक्षण होणार नाही. बैल टाकून पुढे जावे की बैलांसाठी मागे फिरावे, असा प्रश्न होता, आणि समितीने बैलांच्या बाजूने निर्णय दिला. माघारीचा आग्रह कार्नॅकचा होता. आणखी थोडे थांबावे, वाटाघाटीचा सूर पाहावा, असे सांगणारेही छावणीत होते. रघुनाथरावानेही माघार घेऊ नये म्हणून विनवले. त्यांचे कोणी ऐकले नाही.

११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तिथल्या मोठ्या तळ्यात लोटल्या, साठवलेले सामान जाळले आणि अंधारात फौज परत फिरली. एवढ्या बैलांची रांग गुपचूप हलवता येईल, ही अपेक्षाच भाबडी होती. आगीच्या उजेडाने आणि मराठ्यांच्या हेरांनी बातमी आधीच पोचवली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास आघाडीवर गोळ्या सुटल्या आणि लगेच सामानाची लूट सुरू झाली. पहाटेपर्यंत चारी बाजूंनी घोडदळ दिसू लागले. पिछाडी कॅप्टन जेम्स हार्टलेकडे होती. त्याच्या देशी शिपायांनी दिवसभर हल्ल्यामागून हल्ला परतवला, म्हणून उरलेली फौज वडगावपर्यंत पोचू शकली. त्या दिवशी ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून ३५२ माणसे गेली, त्यांत १५ गोरे अधिकारी होते.

वडगावात जागा अपुरी होती. घाबरलेले बुणगे आणि उधळलेली जनावरे पलटणींच्या रांगांत घुसली. १३ जानेवारीच्या सकाळी मराठ्यांच्या तोफा गावावर सुरू झाल्या. शिपाई पळू लागल्याच्या खबरा याच दिवसाच्या आहेत, त्याआधीच्या नाहीत, आणि या मोहिमेचे परीक्षण करताना ही गोष्ट विसरता कामा नये. पुण्याकडे तोंड असेपर्यंत हेच शिपाई लढत होते. आपले अधिकारीच पाठ फिरवतात हे दिसल्यावर, घर जवळ आणि लढण्याचे कारण परके असलेल्या माणसाने आणखी काय करावे? तरीही हार्टलेने आपल्या पलटणीतली पळापळ थांबवली आणि माघार कशी नेता येईल याचा बेत समितीपुढे मांडला. कॉकबर्नने पुढे माघार घेणे अशक्य आहे असे सांगितले आणि समितीने बोलणी सुरू केली.

बोलणी करायला फार्मर नावाचा कंपनीचा अधिकारी गेला. रघुनाथरावाला हवाली करा, ही पहिली मागणी होती. ज्याच्यासाठी मोहीम निघाली त्याला सोडून द्यायला समिती तयार झाली. तोवर रघुनाथरावाने स्वतःच शिंद्यांशी संधान बांधून त्यांच्या आश्रयाला जाण्याची सोय करून ठेवली होती. नानाच्या अटी कडक होत्या, म्हणून इंग्रजांनी महादजीशी वेगळे बोलणे लावले आणि त्याच्यामार्फत जानेवारीच्या मध्याला करार झाला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, बंगालची फौज मागे पाठवायची आणि भडोचचा इंग्रजांकडचा हिस्सा शिंद्यांना द्यायचा, असे त्यात ठरले. शिंद्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये द्यायचेही कबूल झाले. फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहिले आणि उरलेली फौज घाट उतरून मुंबईला आली. घाट उतरताच समितीने गोडार्डला परत फिरण्याचा पाठवलेला हुकूम रद्द केला. दिलेला शब्द इतक्या लवकर मोडला गेला की करार टिकण्याचा प्रश्नच उरला नाही.

हॉर्नबीने मुंबईत आणि हेस्टिंग्जने कलकत्त्यात हा करार नाकारला. कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना कंपनीच्या चाकरीतून काढले. आखणी करणारा हॉर्नबी मात्र गव्हर्नरपदी राहिला आणि पुढे वरळीच्या खाडीवरच्या बांधाला त्याचे नाव लागले. रघुनाथराव शिंद्यांच्या पहाऱ्यातून नर्मदेजवळ निसटला आणि पुन्हा इंग्रजांकडे आला.

दोनच वर्षांनी गोडार्ड अधिक मोठी फौज घेऊन हाच बोरघाट चढला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने घाटमाथ्यावर तळ दिला. पुण्याला धमकावून तह होईल हा हिशेब पुन्हा मांडला गेला आणि पुन्हा चुकला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये पनवेलकडे परतताना त्याची मोठी हानी झाली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावाचा प्रश्न पेशव्यांच्या मनाप्रमाणे सुटला आणि पुण्याकडे जाण्याची मुंबईकरांची वाट जवळजवळ वीस वर्षे बंद झाली. २० एप्रिल १८०३ रोजी आर्थर वेलस्ली पुण्यात शिरला, तो म्हैसूरकडून. निवडलेले बैल आणि धान्य पुरवणारे लमाणांचे तांडे यांची तजवीज त्याने आधी केली होती आणि फौज नंतर हलवली होती.