क्लाउस बार्बी: ज्याला पकडायचं होतं, त्यालाच पगार सुरू झाला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित भाग. एकच विनंती, तारखांकडे लक्ष ठेवा. आजची गोष्ट तारखांमध्येच दडलेली आहे.

६ एप्रिल १९४४. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या पूर्वेला इझ्यू नावाचं डोंगरातलं छोटं गाव. तिथल्या एका मोठ्या घरात ज्यू मुलांना लपवून ठेवलं होतं. सकाळी जर्मन गाड्या आल्या आणि ४४ मुलं आणि ७ मोठी माणसं उचलून घेऊन गेल्या. सगळ्यात लहान मूल ४ वर्षांचं. त्याच संध्याकाळी लियाँहून पॅरिसला टेलेक्स गेला की इझ्यूचं बालगृह रिकामं केलं. खाली नाव होतं बार्बी. ४२ मुलं आउश्वित्झला गेली. दोन मोठ्या मुलांना आणि घराच्या संचालकांना एस्टोनियात गोळ्या घातल्या. ५१ जणांपैकी जिवंत परत आली फक्त एक बाई.

हा क्लाउस बार्बी लियाँमधल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. फ्रेंच प्रतिकार चळवळीचा नेता ज्याँ मूलँ यालाही त्यानंच जून १९४३ मध्ये पकडलं आणि इतकं मारलं, की पुढच्याच महिन्यात मूलँ गेला. माणसांना तो स्वतःच्या हातानं छळायचा. 'मी फक्त ऑर्डर पाळली' म्हणणाऱ्या कारकुनांपैकी हा नव्हता.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. युद्ध गुन्हेगारांच्या यादीत बार्बीचं नाव होतं. आता खरी गोष्ट सुरू होते.

जर्मनीचे चार तुकडे झाले होते: अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत. अमेरिकन भागात सीआयसी नावाचं लष्करी गुप्तचर खातं काम करत होतं. फेब्रुवारी १९४७ मध्ये याच सीआयसीनं जुन्या एसएस अधिकाऱ्यांच्या एका टोळीवर एका रात्रीत छापे टाकले. त्यांना बार्बीही हवा होता, पण तो निसटला. आणि जेमतेम दोन महिन्यांनी, एप्रिल १९४७ मध्ये, सीआयसीच्याच दुसऱ्या विभागानं त्याला खबऱ्या म्हणून कामावर ठेवलं! एका टीमच्या लिस्टवर 'अटक करा', दुसऱ्या टीमच्या लिस्टवर 'पगार द्या'. मोठ्या कंपनीत काम केलेल्यांना हा प्रकार फार अशक्य वाटणार नाही.

त्याला काम काय दिलं? बव्हेरियातल्या कम्युनिस्टांच्या गोटातल्या बातम्या काढायच्या. आणि आणखी एक, जे नीट लक्षात ठेवा: फ्रेंच भागात फ्रेंच गुप्तचर काय करतात त्याची माहिती आणायची. म्हणजे ज्या देशाची माणसं त्यानं मारली, त्याच मित्रदेशावर नजर ठेवायला अमेरिकेनं त्याला वापरलं.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला ही फाईल गिटच्या लॉगसारखी दिसते. प्रत्येक कमिटला एक कारण लिहिलेलं, आणि प्रत्येक कारण त्या दिवसापुरतं पटणारं. १९४७ चं कारण: माणूस कामाचा आहे. डिसेंबर १९४७ मध्ये त्याला चौकशीसाठी ताब्यात घेतलं आणि काही महिन्यांनी पुन्हा कामावर सोडलं. कारण: याला आता आपले एजंट, आपल्या पद्धती, सगळं माहीत झालंय, बाहेर सोडणं धोक्याचं. १९४९ मध्ये प्रतिकार चळवळीच्या लोकांनी बार्बीविरुद्ध आवाज उठवला आणि फ्रान्सनं त्याला मागायला सुरुवात केली. आता 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय उरली नाही.

मग मे १९५०. पॅरिसमध्ये रने आर्दी या माणसावर खटला चालू होता. मूलँची खबर त्यानंच दिली असा त्याच्यावर आरोप. या खटल्यात बार्बीचं नाव रोज गाजत होतं, आणि तो अमेरिकनांकडे आहे हेही उघडपणे बोललं जात होतं. त्याच दिवसांत सीआयसीच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, बार्बीला द्यायचं नाही. तो फ्रेंचांच्या हाती लागला तर सगळं बोलेल, आणि आपली फजिती होईल. जर्मनीतल्या स्वतःच्याच नागरी प्रशासनाला त्यांनी सांगितलं की आमचा त्याच्याशी आता संबंध नाही. त्या प्रशासनानं हेच उत्तर फ्रान्सला दिलं. बार्बी तेव्हा सीआयसीनंच दिलेल्या घरात राहत होता.

इथे थांबून एक गोष्ट बघा. अशा वेळी 'शीतयुद्ध होतं, नाइलाज होता' हे वाक्य हमखास ऐकू येतं. १९४७ बद्दल त्यावर वाद घालता येईल. पण १९५० चं काय? त्याला लपवलं ते देश वाचवण्यासाठी नव्हे, ऑफिसची अब्रू वाचवण्यासाठी. हा फरक फार मोठा आहे.

मग त्याला युरोपाबाहेर काढायचं कसं? शिडाच्या जहाजांवर डोलकाठीवर चढायला दोरांच्या पायऱ्या असतात. त्यांना रॅटलाइन म्हणतात. पळून जाण्याच्या गुप्त वाटांनाही हेच नाव पडलं. ऑस्ट्रियातल्या सीआयसीकडे अशी एक वाट तयारच होती. सोव्हिएत भागातून पळून आलेल्या लोकांना ते तिथून दक्षिण अमेरिकेत पाठवायचे. या वाटेचा रोममधला एजंट होता क्रुनोस्लाव्ह द्रागानोविच नावाचा क्रोएशियन पाद्री. तो आपल्या देशातल्या फरारी फॅसिस्टांनाही पळून जायला मदत करत होता, आणि हे सीआयसीला माहीत होतं. त्याचा दरही कागदावर आहे: मोठ्या माणसाचे १,००० डॉलर, व्हीआयपीचे १,४००, आणि मुलांना हाफ तिकीट. अगदी आपल्या एसटीसारखं.

मार्च १९५१ मध्ये इटलीतल्या जेनोआ बंदरातून एक कुटुंब जहाजात बसलं: नवरा, बायको, दोन मुलं. कागदावरचं नाव क्लाउस आल्टमान. कागद अमेरिकनांनीच करून दिलेले. आधी अर्जेंटिना, मग बोलिव्हिया. इझ्यूच्या ४४ मुलांना उचलणाऱ्या माणसाची स्वतःची दोन मुलं अशी सुखरूप पोचली.

बोलिव्हियात आल्टमानसाहेबांचं छान चाललं. १९५७ मध्ये नागरिकत्व मिळालं. लष्करी हुकूमशहांशी ओळखी झाल्या, त्यांच्या सुरक्षा यंत्रणेला तो सल्ले देऊ लागला. आणि १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या गुप्तचर संस्थेनंही त्याला काही महिने एजंट म्हणून पैसे दिले! सांकेतिक नाव 'आडलर', म्हणजे गरुड.

त्याला शोधणारे लोक मात्र सरकारी नव्हते. बेआट क्लार्सफेल्ड ही जर्मन बाई आणि तिचा फ्रेंच नवरा सर्ज यांनी १९७१-७२ मध्ये आल्टमान म्हणजेच बार्बी हे उघड केलं. बेआट ला पाझला गेली तेव्हा तिच्यासोबत इटा हालाउनब्रेनर ही आई होती. तिच्या दोन मुली इझ्यूच्या त्या घरात होत्या. दोघींनी भर शहरात स्वतःला साखळीनं बाकाला बांधून घेतलं. सरकार ढिम्म हललं नाही. बोलिव्हियात लोकशाही परतल्यावर, फेब्रुवारी १९८३ मध्ये, अखेर बार्बीला विमानात घालून फ्रान्सला पाठवलं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्यातले वकील ॲलन रायन यांनी सगळ्या फाईली काढून रिपोर्ट लिहिला. त्यांनी १९४७ च्या निर्णयाला फार दोष दिला नाही. पण १९५० ची लपवाछपवी म्हणजे न्यायात अडथळा आणणं आहे, असं स्पष्ट म्हटलं. अमेरिकेनं फ्रान्सकडे अधिकृतपणे खेद व्यक्त केला. स्वतःच्या खात्याची लाज सरकारनं स्वतःच चव्हाट्यावर मांडली, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण उशिराची किंमत कुणी भरली? फ्रान्सनं बार्बीला त्याच्या गैरहजेरीत दोनदा फाशीची शिक्षा दिली होती. इतकी वर्षं उलटल्यावर कायद्यानं त्या शिक्षांची मुदत संपली. साध्या युद्ध गुन्ह्यांचा खटलाही चालवता येईना, फक्त मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदत नव्हती. त्यामुळे ज्याँ मूलँच्या मृत्यूबद्दल बार्बीवर कधीच खटला चालला नाही. इझ्यूबद्दल चालला. तो टेलेक्स कोर्टात पुरावा म्हणून आला. ४ जुलै १९८७ ला जन्मठेप झाली आणि १९९१ मध्ये तो तुरुंगात मेला, वयाच्या ७७ व्या वर्षी.

अशा गोष्टींमध्ये आपण एखादा खलनायक शोधत असतो, सिगार ओढत कट रचणारा. या फाईलमध्ये तो सापडत नाही. सापडतात मधल्या फळीतले अधिकारी, जे आधीचा निर्णय झाकायला पुढचा निर्णय घेत गेले. त्यांच्यापैकी कुणाचंच इझ्यूच्या मुलांशी वैर नव्हतं. त्या मुलांचा विचार करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, इतकंच. मला या गोष्टीतली हीच बाजू जास्त भीतीदायक वाटते, कारण असे अधिकारी कुठल्याही देशात, कुठल्याही ऑफिसात मिळतात.

तुम्हाला १९४७ चा निर्णय माफ करण्यासारखा वाटतो का? कॉमेंटमध्ये नक्की लिहा, वाद घालूया. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!