पाथरवट विधानसभेत जातो

निवडणुकीवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा बहुधा पक्षांविषयी, पुढाऱ्यांविषयी आणि जाहीरनाम्यांविषयी ऐकण्याची असते. आज आम्ही हा विषय दुसऱ्या टोकाने हाती घेणार आहोत. जो माणूस दिवसभर काम करतो तेव्हाच ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटते, तो माणूस विधिमंडळाच्या जागेसाठी उभा राहू शकतो काय? राहिला तर निवडून येऊ शकतो काय? आणि निवडून आलाच, तर तेथे टिकू शकतो काय? हे तीन प्रश्न दिसायला एक वाटले तरी ते एक नव्हेत, आणि त्यांतला तिसरा सर्वांत अवघड आहे. तो किती अवघड आहे, हे पाहण्यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी, १८५९ सालात जावे लागेल.

त्या वर्षी व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधानसभेत कॉलिंगवुड मतदारसंघातून चार्ल्स जार्डिन डॉन ह्या नावाचा एक पाथरवट निवडून आला. व्हिक्टोरिया पुढे १९०१ साली ऑस्ट्रेलियन संघराज्यातील एक राज्य झाले. तेव्हा मात्र ती ब्रिटिश साम्राज्याची स्वयंशासित वसाहत होती. डॉनचा जन्म १८२० सालचा, स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील क्यूपर गावचा. तरुणपणी तो हातमागावर कापड विणी. यंत्रमागाने हातमागाचे पोट मारले तो हा काळ. आपल्याकडील विणकरांच्या पेठांनी जे भोगले, तेच स्कॉटलंडच्या विणकरांच्या वाट्यालाही आले होते. विणकाम सुटले आणि डॉनच्या हाती छिन्नी-हातोडा आला. मात्र त्या दिवसांत त्याला आणखी एक शिक्षण मिळाले, ते म्हणजे चार्टिस्ट चळवळीचे.

ह्या चळवळीची सनद १८३८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा मागण्या होत्या. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत असावे, मतदान गुप्त असावे, उमेदवारास मालमत्तेची अट नसावी, सभासदांना वेतन मिळावे, मतदारसंघ सारखे असावेत आणि पार्लमेंटची निवडणूक दरसाल व्हावी. लक्षावधी सह्यांचे अर्ज लंडनच्या पार्लमेंटपुढे गेले आणि फेटाळले गेले. चळवळ तिच्या मायदेशी विझली. परंतु तिचे पुष्कळसे अनुयायी जहाजांत बसून दूर देशी गेले, आणि आपल्या गाठोड्याबरोबर त्यांनी ह्या सहा मागण्याही नेल्या. डॉन १८५३ साली मेलबर्नला पोचला तो ह्यांपैकीच एक.

त्या सुमारास व्हिक्टोरियात सोने सापडून दोनच वर्षे झाली होती. माणसांचा लोंढा येत होता, शहर वाढत होते, आणि दगडाच्या इमारतींना पाथरवट हवे होते. कामगार दुर्मिळ झाला की त्याच्या शब्दाला वजन येते. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्न विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते मिरवणुकीने पार्लमेंट हाउसच्या बांधकामाकडे निघाले. दिवसाचे काम आठच तासांचे असावे, एवढीच त्यांची मागणी होती. मजुरी न घटता ती मान्य झाली. आठ तास काम, आठ तास विरंगुळा व आठ तास विश्रांती ही वाटणी पुढे जगभरच्या कामगारांच्या तोंडी झाली. ज्यांना संध्याकाळ मोकळी मिळाली त्यांना वाचायला, सभेला जायला आणि राज्यकारभाराचा विचार करायलाही वेळ मिळाला, हे आम्हांस येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. डॉन ह्या चळवळीतला होता.

इकडे कायदाही पालटत होता. मार्च १८५६ मध्ये व्हिक्टोरियाने गुप्त मतदानाचा कायदा केला. उघड मतदानात मालक कोणाच्या बाजूने आहे हे नोकर पाहत असे, आणि नोकर कोणाच्या बाजूने आहे हे मालक टिपून ठेवीत असे. कागदाची घडी घालून ती पेटीत टाकण्याची साधी सोय झाली आणि तो जाच संपला. १८५७ साली विधानसभेच्या उमेदवारास असलेली मालमत्तेची अट गेली, आणि त्याच वर्षी प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. सहांपैकी तीन मागण्या अशा रीतीने दोन वर्षांत पदरात पडल्या. आमचे पहिले दोन प्रश्न येथे सुटतात. मजुराला उभे राहता येऊ लागले, आणि त्याला निवडून देणारे मजूर मतदारही यादीत आले.

कॉलिंगवुड ही कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील मतदारांना दोन गोष्टी जिव्हाळ्याच्या होत्या, काम आणि जमीन. सोन्याचा पहिला बहर ओसरल्यावर हजारो हात रिकामे झाले होते. आणि शेतीजोगी विस्तीर्ण भूमी मेंढ्यांच्या कळपांसाठी थोड्या श्रीमंतांनी अडवून ठेवली होती. जुलै १८५७ मध्ये ह्याच प्रश्नावर मेलबर्नमध्ये एक परिषद भरली. सामान्य माणसाला शेतापुरती जमीन मिळावी ही तिची मागणी, आणि तिच्या पुढाऱ्यांत डॉन होता. कामगार संघटनांच्या पाठिंब्यावर तो १८५९ साली निवडून आला, आणि आपण श्रमजीवी वर्गाचे, त्याच वर्गातून आलेले प्रतिनिधी आहोत, हे त्याने सभागृहात न लाजता सांगितले. लंडनच्या पार्लमेंटात खाणकामगारांतून आलेले पहिले दोन सभासद, टॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅक्डोनल्ड, बसले ते १८७४ साली. हा पाथरवट त्यांच्या पंधरा वर्षे आधी सभागृहात होता.

आता तिसरा प्रश्न. सभासदाला वेतन नव्हते. वकिलाला, व्यापाऱ्याला, मेंढपाळ जमीनदाराला त्याची चिंता नव्हती. त्यांची मिळकत ते सभागृहात बसले असतानाही वाढतच असे. पाथरवटाची मिळकत त्याच्या हातात असते. हात थांबला की ती थांबते. दिवसा दगड घडवावा आणि रात्री कायदा घडवावा, असा क्रम डॉनने चालवून पाहिला. ज्या इमारतीच्या भिंतींवर त्याने काम केले त्याच इमारतीत तो रात्री बसे, अशी कथा त्याच्याविषयी सांगतात. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आम्हांस तिच्यात कौतुकापेक्षा खेद अधिक वाटतो. रात्रीच्या चर्चेसाठी विधेयके दिवसा वाचावी लागतात, मतदारांची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. प्रतिपक्षाचा सभासद विसावा घेऊन येतो आणि हा अंगावरची दगडाची पूड झटकून येतो. ह्याला समान संधी कोण म्हणेल?

शिवाय जमिनीचा प्रश्न विधानसभेत सुटूनही भागत नसे. वर विधान परिषद होती. तिच्या सभासदाला पाच हजार पौंडांच्या स्थावर मिळकतीची अट होती. १८६० साली जमिनीचे विधेयक ह्या दोन सभागृहांच्या ओढाताणीत सापडले, आणि २८ ऑगस्टच्या रात्री चिडलेला जमाव पार्लमेंट हाउसवर चालून गेला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या. साहजिकच दोषाचे बोट डॉनसारख्या सभासदांकडे वळले. रस्त्यावरचा कामगार त्याला आपला माणूस मानी म्हणून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करी. सभागृहातले प्रतिष्ठित त्याला रस्त्याचा माणूस मानीत म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवीत नसत. मजूर-प्रतिनिधीची ही कोंडी आपल्याही अनुभवात नाही असे कोण म्हणेल?

डॉनने १८६४ पर्यंत जागा राखली. १८६६ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. सभासदांना वर्षाला तीनशे पौंड वेतन देण्याची सोय व्हिक्टोरियात १८७० साली झाली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. तीही सुखासुखी टिकली नाही. १८७७ साली ह्याच वेतनाच्या तरतुदीवरून वरिष्ठ सभागृहाने खर्चाची मंजुरी अडवली. तेव्हा ९ जानेवारी १८७८ रोजी सरकारने न्यायाधीशांसह कित्येक वरिष्ठ अधिकाऱ्यांना एका दिवसात घरी बसविले. गरिबाने सभागृहात यावे की नाही, हाच त्या भांडणाचा खरा विषय होता. इंग्लंडमध्ये तर सभासदांचे वेतन १९११ साली आले.

ह्या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि इतिहास सांगताना ती झाकणे बरे नव्हे. ज्या जमिनीसाठी मेलबर्नचे मजूर भांडत होते ती जमीन तेथील आदिवासींची होती. त्या वादात त्यांना कोणी विचारलेच नाही. आणि ‘प्रत्येकाला मत’ ह्या घोषणेतील ‘प्रत्येक’ म्हणजे पुरुष. व्हिक्टोरियातील स्त्रियांना राज्याच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९०८ साली. स्वतःसाठी दार उघडणारा मागच्याकरिता ते उघडे ठेवतोच असे नाही.

आपल्या राज्यघटनेने १९५० साली प्रौढ मताधिकार दिला, तो स्त्री-पुरुष हा भेद न करता. उमेदवाराला मालमत्तेची अट घातली नाही, आणि १९५ व्या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळाच्या सभासदांना वेतन व भत्ते देण्याची तरतूद केली. आमदारांच्या वेतनावर टीका करणे सोपे आहे आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण ही तरतूद मुळात कोणासाठी मागितली गेली, ते विसरू नये. ती श्रीमंताच्या सोयीसाठी मागितलेली नव्हती. दिवसा हातोडा आणि रात्री विधेयक अशी दोन्ही ओझी वाहणाऱ्या माणसाचे एक ओझे उतरावे, म्हणून ती मागितली गेली होती. ती मिळाली आहे. आता निवडून आलेल्यांच्या यादीत पाथरवट, विणकर, हमाल किती दिसतात, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते मोजून पाहावे. ते थोडे दिसले तर चौथे एखादे कुलूप अजून दारावर आहे असे समजावे, आणि ते शोधण्याचे काम मतदारांचे आहे.