आडव्या मुरलीचे मूळ

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात. त्यांत गायल्या जाणाऱ्या गौळणींत कृष्णाच्या ओठी कधी पावा असतो, कधी वेणू, कधी मुरली. शिळाछापाच्या जुन्या पोथ्यांतल्या चित्रकाराला मात्र एकच वाद्य ठाऊक: आडवी बासरी, पायांची आढी, शेजारी मान वर करून ऐकणारी गाय. हे चित्र गुराख्याचे म्हणून आपण पाहतो, पण ते रानातून पोथीत आलेले नाही, देवळातून आले. त्र्यंबकच्या पलीकडे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर भोपळ्याची फुंकवाद्ये घुमतात, तारपा आणि पावरी. चित्रकार गुराखी पाहून रेघ ओढत असता, तर कृष्णाच्या हाती एखादा भोपळाही आला असता. युरोपात तसे झाले. पंधराव्या शतकाअखेरी पॅरिसला छापलेल्या प्रार्थनापुस्तकांत येशूजन्माची वार्ता ऐकणाऱ्या मेंढपाळांजवळ बॅगपाइप दिसतो. बेथलेहेमशी त्याचे काय नाते? तो कोरणाऱ्याच्या मुलखातला. तिथे वाद्य मेंढपाळाचे, म्हणून मुलूख बदलला की तेही बदलले. इथे ते देवाचे; शंख-चक्राइतकेच ठरलेले.

यावर कोणी म्हणेल, वारकऱ्यांचा देव तर कटेवर कर ठेवून उभा, त्याला मुरली धरायला हात मोकळा कुठे आहे? आक्षेप रास्त आहे, आणि माझ्याच बाजूचा आहे. विठ्ठलाच्या मूर्तीत नसलेली मुरली चित्रकाराला दुसरीकडून घ्यावी लागली. कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या केशव मंदिरात तिच्या सगळ्या खुणा दगडात आहेत, गाईगोपाळांसह. निवृत्तिनाथांचा काळही हाच. त्यांची समाधी 1297ची. पुढे श्रीधरांच्या ‘हरिविजया’ने 1702मध्ये गोकुळ मराठी घराघरांत नेले आणि चित्राला कथा मिळाली. मिरजेला 1805मध्ये तांब्याच्या ठशांवर छापलेली पोथी गीतेची होती. सारथ्याच्या हाती लगाम, तिथे मुरलीला काम नाही. हे सारे राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे देणे, असाही एक समज आहे. तो छापखाना 1894चा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढले ते 1831 साली. रविवर्म्याने अंगाला मांसलपणा दिला, मागे तळे-झाडी दिली. उभे राहण्याची ढब त्याची नव्हे.

परंपरा इतकी पक्की असूनही चुकायला जागा होतीच, आणि मला तीच जागा सर्वांत बोलकी वाटते. शिळाछापात तेलकट शाईने थेट दगडावर काढलेले चित्र कागदावर उलटे उमटते. मजकूर खास कागदावर सुलट लिहून दगडावर उतरवता येई. चित्र मात्र थेट दगडावर काढायचे, तर ते आरशात पाहिल्यासारखे काढावे लागे. रूढ मूर्तीत मुरली देवाच्या उजव्या खांद्याकडे जाते. कारागिराने समोरचा नमुना दगडावर सरळ उतरवला, की छापात ती डावीकडे वळते, आढीचा पायही बदलतो. अशी उलटी मुरली दिसली तर तो कुण्या डावखुऱ्या गुराख्याचा पुरावा नव्हे. नमुना समोर होता, आरसा नव्हता, एवढेच.