पाच किलोमीटर आधी

आजच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तो चौकीदार होता. पाळी पहाटे 3 ते सकाळी 11. 22 एप्रिल 2003 रोजी तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई.

उस्मानाबादच्या कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केले. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वादाचा मुद्दा एकच होता: फाटकाबाहेरचा मृत्यू कामावरचा मानायचा का? सौराष्ट्रातले मीठकामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले, त्या खटल्यात 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले होते की सार्वजनिक वाटेवरचा कामगार हा इतरांसारखाच वाटसरू. हे उत्तर कागदावर नेटके असले, तरी अपरात्री पाळीसाठी घर सोडणाऱ्या माणसावर अन्याय करणारे होते.

2010 साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात कलम 51-ई आले. घर ते कामाची जागा या ये-जा दरम्यानचा अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला, तर कामाच्या ओघातलाच धरायचा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ 1923 च्या भरपाई कायद्यालाही, तोही पूर्वलक्षी प्रभावाने, लावला आणि आयुक्तांचा आदेश कायम केला. पहाटे तीनची पाळी हाच निर्णायक दुवा ठरला. तोवर बावीस वर्षे उलटली होती.

हा माणूस गाडीवर होता. पण त्या कलमात वाहनाचा उल्लेखच नव्हता. रस्त्याच्या कडेने कामावर चालत निघालेल्या आणि ट्रकने उडवलेल्या मजुरालाही कसोटी तीच. उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण, आळंद. बीदर-कलबुर्गीच्या त्या कर्नाटकी बाजूलाही हीच कसोटी लागू आहे.

म्हणून असा अपघात झाला, तर पंचनाम्यात वेळ आणि अपघाताची जागा नीट लिहून घ्या. जबाबात पाळी कितीची होती, माणूस कामावर निघाला होता की कामावरून परतत होता, हे आवर्जून सांगा. हजेरीपटाची नक्कल मिळवा. आणि भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करा.