‘कोण’ आणि ‘जो’

फ्रेंच शिकताना ‘की’ या एका शब्दाने मला पुष्कळ दिवस चकविले. मराठीत विचारावयाचे तर ‘कोण’, जोडावयाचे तर ‘जो’. संस्कृतातही ‘कः’ आणि ‘यः’ निराळे. लॅटिनने ‘य’चे घराणे सोडले व प्रश्नाच्याच कुळाला संबंधाचे काम दिले : ‘क्विस’ विचारणारा, ‘क्वी’ जोडणारा. फ्रेंचमध्ये दोहोंचे काम ‘की’कडे आले. प्रश्नात तो माणसाविषयीच विचारतो. संबंधात मात्र माणूस असो वा वस्तू, कर्त्याच्या जागी ‘की’, कर्माच्या जागी ‘क’. हा ‘क’ म्हणजे लॅटिन ‘क्वेम’. १४व्या शतकाच्या सुमारास फ्रेंच नामांची विभक्ती गळाली. या इवल्या जोडीत ती टिकली. ज्याला मी भाषेचा गबाळेपणा समजत होतो, तो तिचा जपलेला वारसा निघाला.