‘ह’च्या मागे बसलेला ‘ळ’

संक्रांतीला हातावर पडणाऱ्या तिळगुळात दोन ळ असतात, आणि ते एका घरातले नाहीत. पहिला आला ‘तिल’ या शब्दातून, म्हणजे ल चा ळ झाला. दुसरा आला ‘गुड’ या शब्दातून, म्हणजे ड चा ळ झाला. त्याच तिळाचा घाणा काढला की मिळते ते मात्र ‘तेल’. तिथे ल जसाच्या तसा आहे. तिळात ळ आणि तेलात ल, हे कसे? चिमूटभर तिळगुळात मराठीचा दोन हजार वर्षांचा प्रवास दडलेला आहे, आणि त्या प्रवासाची वाट दाखवणारे अक्षर आहे ळ.

मुळाक्षरांच्या तक्त्यात त्याची जागा पाहिली तर हे अक्षर किती जुने असेल याचा अंदाज येत नाही. क पासून म पर्यंत वर्गांच्या सरळ ओळी, मग य र ल व, श ष स, ह. आणि सगळे बसून झाल्यावर ळ. त्याच्या मागे फक्त क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे. तक्त्यातल्या इतर बहुतेक अक्षरांसमोर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र असते, गणपतीचा ग, बदकाचा ब. ळ समोर कमळ किंवा बाळ काढावे लागते, कारण ळ ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. गाण्याच्या भेंड्या खेळताना कोणी ळ वर गाणे संपवले की समोरचा गट हरकत घेतो, आणि बहुतेक घरांत ‘ळ आला तर ल घ्यायचा’ असा तोडगा आधीच ठरलेला असतो. शब्दाच्या पहिल्या जागेवर ळ कधी बसत नाही. पण मध्ये आणि शेवटी त्याच्यावाचून मराठीचे पान हलत नाही.

तक्त्यात शेवटी बसलेले हे अक्षर ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत भेटते. अग्नीची स्तुती करतो अशा अर्थाचे जे क्रियापद तिथे आहे, त्यात ळ आहे. मूळ धातू ‘ईड्’. ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दोन स्वरांच्या मध्ये एकटा ड आला की त्याचा ळ होतो आणि ढ आला की ळ्ह होतो. ऋक्प्रातिशाख्यात हा नियम नोंदवलेला आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या दोन शाखांतही हा फरक ऐकू येतो. काण्व शाखेचे पाठक ळ म्हणतात, माध्यंदिन शाखेचे ड. हजारो वर्षे कानातून कानात चाललेल्या पाठांतराने एका अक्षराचा उच्चारही सांडू दिला नाही.

पुढच्या अभिजात संस्कृतातून मात्र ळ गेला. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी वर्णांची जी सूत्रे आहेत, त्यांत ळ नाही. मराठी वर्णमाला संस्कृतच्या चौकटीवर बेतली गेली आणि त्या चौकटीत ळ साठी खण नव्हता, म्हणून तो ह च्या मागे, रांगेच्या शेवटी बसला. लोकांच्या जिभेवर तो राहिलाच होता. पालीत सोळाला ‘सोळस’ म्हणतात. संस्कृत षोडश, पाली सोळस, मराठी सोळा अशी सरळ साखळी जुळते. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृतांचे व्याकरण लिहिले तेव्हा पैशाची भाषेत ल चा ळ होतो, असे सूत्रच त्याने दिले.

महाराष्ट्राच्या मातीत, किंवा खरे तर कातळात, ळ कोरलेला पाहायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा ब्राह्मी लेख आहे. राजाची आजी गौतमी बलश्री हिने ते लेणे भिक्षूंना दान दिले, त्याची ही नोंद. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात राजाच्या नावात ळ आहे. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने पैठणच्या याच राजाची नोंद केली, तेव्हा त्याच्या भाषेत हा वर्ण नव्हता. त्याने ते नाव ग्रीक कानाला ओळखीच्या वळणाने लिहिले आणि ळ चा ल झाला. हे ळ च्या नशिबात पुढेही अनेकदा यायचे होते.

आता तीळ आणि तेलाकडे वळू. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ 1920 साली प्रसिद्ध झाला. त्याने आणि त्याच्या मागून आलेल्या अभ्यासकांनी ळ मागचा नियम स्वच्छ मांडला आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो. जोडीने ल्ल असेल तर एक ल गळतो आणि दुसरा ल म्हणूनच टिकतो. शब्दाच्या आरंभी ल असेल तर त्याला हात लागत नाही. ‘तिल’मध्ये ल एकटा होता, म्हणून तीळ. ‘तैल’चे प्राकृतात ‘तेल्ल’ झाले होते, म्हणून तेल.

ही किल्ली हातात आली की रोजचे शब्द उलगडू लागतात. एकाच फांदीवर फळ आणि फूल असतात. ‘फल’चे फळ झाले, ‘फुल्ल’चे फूल राहिले. ‘वेला’ची वेळ झाली, ‘वल्ली’ची वेल. गळा आणि गाल चेहऱ्याखाली-चेहऱ्यावर शेजारी, पण गाल आला ‘गल्ल’मधून. काळ आणि काल हे दोन्ही वेळेचेच शब्द, तरी त्यांचे नाते नाही: काळ हा संस्कृत ‘काल’च, तर ‘काल’ म्हणजे आदला दिवस हा ‘कल्य’, ‘कल्ल’ अशा पायऱ्या उतरून आलेला. गेला, आला, केला या भूतकाळाच्या रूपांतला ल कधीच ळ होत नाही, कारण त्याच्या मागे प्राकृतातला ‘इल्ल’ हा प्रत्यय उभा आहे. जो फरक बोलणारा विचारही न करता पाळतो, त्यात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे एक जोडाक्षर शाबूत आहे.

स्वयंपाकघरात तर ळ चेच राज्य. तांदूळ, डाळ, गूळ, नारळ, केळे, अळू, आवळा, पोळी. तांदूळ ‘तण्डुल’वरून, नारळ ‘नारिकेल’वरून, आवळा ‘आमलक’वरून, आणि डाळिंब ‘दाडिम’वरून, म्हणजे गुळाच्या वाटेने. सणांत होळी आणि दिवाळी. रंगांत काळा, निळा, पिवळा, सावळा, जांभळा, ढवळा. या रांगेत ‘लाल’ वेगळा दिसतो तो उगाच नाही. तो फारसीतून आला, आणि तो आला तेव्हा ल चा ळ होण्याचा काळ सरला होता. माल, हाल, सवाल, दलाल, महाल, वकील, मशाल यांचेही तसेच. इंग्रजीतून आलेली बाटलीही ल घेऊनच राहिली.

संस्कृतातून थेट ग्रंथांवाटे उचललेल्या शब्दांनीही ल सोडला नाही. त्यामुळे मराठीत एकाच शब्दाचे दोन वंश शेजारी नांदतात. मुले शाळेत जातात आणि त्यांच्या स्पर्धा शालेय असतात. बाळ मोठे झाले की बालवाडीत जाते. मूळ आणि मूलभूत, फळ आणि सफल. वर्गातला काळा फळा आणि दारावरचा नावाचा फलक हे मुळात एकच. पहिला लोकांच्या तोंडून झिजत आला, दुसरा पोथीतून.

तेराव्या शतकात मराठी गद्य लिहिले जाऊ लागले तेव्हा ळ ने ग्रंथाच्या नावातच जागा घेतली. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या त्या ग्रंथाचे नाव ‘लीळाचरित्र’. संस्कृतातली लीला इथे लीळा झाली. पहिला ल शब्दाच्या तोंडी म्हणून तसाच, दुसरा दोन स्वरांच्या मध्ये म्हणून ळ. सगळा नियम एका दोन अक्षरी शब्दात. पुढे चक्रधरस्वामींच्या महानुभाव अनुयायांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. तिच्या नावातही ‘सकल’चा सकळ झालेला.

परक्या लिपीत ळ कसा लिहायचा, हा प्रश्न गंभीरपणे सोडवला गेला तो गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत. रोमन लिपीला ट, ड, ण, ळ माहीत नव्हते. तेव्हा जीभ वळवून म्हणायच्या वर्णांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे, ही युक्ती तिथे रुळली. ती आजही जिवंत आहे. रोमी कोंकणीत काळीज लिहिताना ळ च्या जागी दोन ‘एल’ येतात. युरोपातल्या संस्कृत पंडितांनी पुढे एल च्या खाली टिंब देण्याची पद्धत पाडली. पण तेच टिंबाचे अक्षर ते ऌ या स्वरासाठीही वापरत, आणि नवख्याचा गोंधळ होई. रोजच्या इंग्रजी लिखाणात मात्र ना दोन एल आले, ना टिंब.

त्याचा परिणाम माणसांच्या आणि गावांच्या नावांना भोगावा लागला. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, घरातले लाडाचे नाव बाळ. ‘बाळ टिळक’ या पाच अक्षरांत दोन ळ. महाराष्ट्राबाहेर गेले की त्यांचे ‘बाल तिलक’ होते. ळ च नव्हे, ट सुद्धा जातो. नानासाहेब परुळेकरांनी 1932 साली पुण्यात काढलेल्या ‘सकाळ’ला इंग्रजी अक्षरांत वाचणारा ‘सकल’ म्हणून मोकळा होतो. वडाळ्याचे हिंदीत वडाला होते, लोणावळ्याचे लोनावला. परळची गंमत निराळी. इंग्रजांनी ते आपल्या कानाने लिहिले, आणि हिंदीने मराठीकडे न पाहता इंग्रजीवरून ‘परेल’ घेतले.

ळ हा फक्त मराठीचा नाही. गुजराती, राजस्थानी, ओडिया, कोंकणी या भगिनींकडे तो आहे, पंजाबीत बोलण्यात आहे. दक्षिणेला कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम यांचा तर तो नित्याचा. म्हणून या बाजूच्या नावांना मराठी न्याय देऊ शकते. मराठी माणूस केरळ, बंगळूर, मंगळूर, बेळगाव, श्रवणबेळगोळ असे म्हणतो ते तिथल्या लोकांच्या उच्चाराच्या बरेच जवळ जाते. हिंदीत केरल आणि तमिल. तमिळमध्ये ळ च्या जोडीला आणखी एक वर्ण आहे, आणि खुद्द ‘तमिळ’ या नावाच्या शेवटी तोच आहे. देवनागरीत तो दाखवायचा तर ळ ला खाली नुक्ता देऊन ऴ लिहितात. यूनिकोडमध्ये ळ चा क्रमांक 0933 आणि ऴ चा लगेच पुढचा 0934. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर ळ ल च्याच कळीवर आहे, शिफ्ट दाबली की उमटतो.

महाराष्ट्राच्या आतही ळ सगळीकडे सारखा नाही. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि झटक्यात पुढे सोडायचे, तेव्हा तो उमटतो. लहान मुलांना तो उशिरा येतो. कित्येक घरांत ‘बाल’ म्हणणारे पोर ‘बाळ’ म्हणू लागले की कौतुक होते. ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी बोलीत डोळ्याचा डोला होतो, काळ्याचा काला. वऱ्हाडात आणि खानदेशात तोच डोळा डोया होतो, काळा काया होतो. प्रमाण मराठीच्या नावाखाली या उच्चारांना अशुद्ध म्हणून हिणवले गेले, शाळेतल्या मुलांना त्यापायी बोलणी खावी लागली. हे फार चुकीचे होते. ड चा ळ, ल चा ळ आणि ळ चा य ही एकाच वाटेवरची पावले आहेत. पुण्याची मराठी दुसऱ्या पावलावर थांबली, जळगावची पुढे चालत गेली.

त्याचा पुरावा मराठीने मानाने जपलेला आहे. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि इतरांनी उतरून घेतली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती 1952 साली पुस्तकरूपाने आली, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. उतरून घेणाऱ्यांनी बोली तशीच ठेवली. प्रमाण भाषेत जिथे ळ आला असता, तिथे त्या गाण्यांत य आहे. आज राज्यभरातली मुले तक्त्यावरच्या कमळाशेजारी ळ गिरवतात, आडव्या 8 सारखी दोन गोल वळणे, आणि पुढच्या इयत्तांच्या पुस्तकात बहिणाबाई वाचताना असोद्याचा तो य मोठ्याने म्हणतात.